दुनळी बंदूक उघडी का ठेवायची?

मागच्या महिन्यात ह्यूस्टनहून एका जुन्या वर्गमित्राचा फोन आला. ऑफिसातले लोक त्याला बदकांच्या शिकारीला बोलावत होते, आणि त्यातल्या एकाने आपल्या आजोबांची दुनळी बंदूकही देऊ केली होती. "तू दर थंडीत त्या शिकाऱ्यांबरोबर चिखलात बसतेस ना, मग सांग, जाऊ का मी?" एवढाच त्याचा प्रश्न. मी पाऊण तास बोलले. फोन ठेवल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं. असं बोलावणं येणारा तो एकटाच मराठी माणूस नसणार.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी लुइझियानाच्या नैर्ऋत्य भागातल्या भातखाचरांत काम करते. तिथल्या मातीत जुन्या शिकारीचे शिशाचे छर्रे दशकानुदशकं पडून आहेत. बदकं दाणे दळायला खडे गिळतात, त्याबरोबर हे छर्रेही गिळतात. एक-दोन छर्ऱ्यांनीही बदक मरू शकतं. माझा विषय हा. त्यासाठी मला बदकांच्या पेषण्या लागतात (कोंबडी साफ करताना निघते ती कडक, खडे असलेली पिशवी), आणि त्या शिकारी देतात. म्हणून मी त्यांच्याबरोबर पहाटे लपणात बसते. स्वतः शिकार करत नाही. पण बंदुकांच्या शेजारी बसायचं तर सुरक्षेचा अभ्यासक्रम करायलाच हवा असं माझ्या मार्गदर्शकांनी बजावलं होतं. तो केला, आणि मातीच्या तबकड्यांवर थोडे बारही काढले.

भारतात हे काही करायचं नाही, हे सांगायला नकोच. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यानंतर आपल्याकडे शिकार बंद आहे. इथे लपणासमोर उतरणारे थापट्या आणि तलवार बदक आपल्याकडे नांदूर मध्यमेश्वरला दुर्बिणीतून पाहायचे पक्षी आहेत. मला तरी ते तसेच बरे वाटतात. पण अमेरिकेत बदकांची शिकार परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात, ठरलेल्या संख्येत चालते, आणि लोक ती करणारच. तर निदान बंदूक नीट हाताळावी.

आता मुद्द्यावर येते. दुनळी दोन प्रकारची असते: नळ्या शेजारीशेजारी, नाहीतर एकावर एक. दोन्हींत वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या बिजागरीवर खाली झुकतात, अडकित्ता उघडावा तशा. मागची दोन तोंडं उघडी पडतात, त्यांत काडतुसं घालायची आणि बंद करायचं. इतकं साधं यंत्र, म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. पण आत काय होतं ते बघा.

जुन्या दुनळीला बाहेर दोन घोडे असत. ते मागे ओढले आहेत की नाही हे दिसायचं. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे आत नेले, आणि नळ्या झुकल्या की त्या तरफेनेच आतले घोडे ताणले जातील अशी रचना केली. आजच्या बहुतेक दुनळ्या याच कल्पनेवर चालतात. याचा अर्थ असा, की तुम्ही बंदूक उघडून काडतुसं घातली आणि बंद केली, की दोन्ही घोडे ताणलेलेच असतात. अर्धवट तयार अशी अवस्थाच नाही. आणि बाहेरून काही दिसतही नाही.

"पण सेफ्टी असते ना?" मित्रानेही हेच विचारलं. असते. दस्त्याच्या गळ्यावर, अंगठ्याखाली एक छोटी सरकपट्टी असते. बहुतेक बंदुकांत ती फक्त चाप अडवते. घोडा मात्र ताणलेल्या स्प्रिंगच्या जोरावर एका उथळ खाचेत अडकलेला असतो, आणि त्या खाचेशी सेफ्टीचा संबंध नसतो. बंदूक कडेवर आपटली, खाच झिजलेली असली, तर चापाला हात न लावता घोडा सुटू शकतो. महागड्या बंदुकांत सुटलेला घोडा मध्येच धरणारा दुसरा अडसर असतो, पण तुमच्या हातात आलेल्या बंदुकीत तो आहे की नाही हे बाहेरून कसं कळणार? शिवाय काही दुनळ्यांत बंदूक उघडली की सेफ्टी आपोआप लागते, काहींत लागत नाही. उसन्या बंदुकीबाबत कसलीच खात्री धरू नका.

म्हणून दुनळीची खरी सेफ्टी म्हणजे तिचं उघडं असणं. उघडी बंदूक कितीही आपटली, कुत्रा तिच्यावर पडला, तरी बार निघू शकत नाही. कारण काडतुसाचा बुडखा आणि घोड्याची सुई समोरासमोरच नसतात. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट म्हणजे, ती उघडी आहे हे दहा पावलांवरच्या माणसालाही दिसतं. बाकी प्रकारच्या बंदुकांत तुम्हाला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, इथे लागत नाही.

हे मला पुस्तकातून कळलं होतं, पण पटलं दुसऱ्या हंगामात. आम्ही चौघं लपणात होतो. इथलं लपण म्हणजे भातखाचराच्या बांधात पुरलेली लांबट पेटी, वर गवताचं झाकण, आत बाकडं. शेताचे मालक साठीच्या पुढचे, लहानपणापासून शिकार करणारे. चक्रांगांची एक टोळी आली, त्यांनी उजव्या नळीचा बार काढला, पक्षी पडला, लॅब्रेडॉरने पाण्यात उडी घेतली. सगळे खूश. मालक माझ्याकडे वळून त्या पक्ष्याबद्दल काहीतरी सांगू लागले, आणि बंदूक मांडीवर आडवी, बंद. तिचं तोंड माझ्या गुडघ्यांकडे. पलीकडे बसलेल्या त्यांच्या मेहुणीने आवाज न चढवता फक्त म्हटलं, "उघडा." त्यांनी कळ दाबली. उजव्या नळीतून रिकामं टरफल बाहेर आलं आणि डावीतून आख्खं काडतूस.

ते चिडले नाहीत, "थँक यू" म्हणाले आणि बराच वेळ गप्प बसले. मीही.

इथे बेफिकीर माणूस नव्हता, हे लक्षात घ्या. चुकवलं ते दुनळीच्या स्वभावाने. एकनळीत बार काढला की बंदूक रिकामी. आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती (निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची ती), तिचा हिशोब सरळ होता. दुनळीत एक बार निघाला की काम झालं असं मन म्हणतं, पण दुसरा घोडा ताणलेलाच असतो आणि बाहेरून बंदूक जशीच्या तशी दिसते. त्यातच तो क्षण असा की सगळ्यांचं लक्ष पडलेल्या पक्ष्याकडे. म्हणून नियम असा ठेवा: एकच बार काढला असला तरी, पुढचा पक्षी लगेच येत नसेल तर, बंदूक खांद्यावरून खाली येताच उघडायची. मग बोलायचं, हसायचं, कुत्र्याला शाबासकी द्यायची.

दोन चाप असलेल्या बंदुकीत आणखी एक भानगड असते. साधारणपणे पुढचा चाप उजव्या नळीचा आणि मागचा डावीचा. पुढचा दाबल्यावर धक्क्याने बोट मागे घसरून दुसऱ्या चापावर गेलं, तर दोन्ही बार लागोपाठ निघतात. म्हणून बोट चापावर येतं ते फक्त बार काढायच्या क्षणी. एरवी ते चापाच्या कड्याबाहेर, सरळ.

आता नळी बंद होण्याबद्दल. काडतूस फुटतं तेव्हा बारा बोरच्या नळीत मागच्या टोकाला दाब चौरस इंचाला ११,५०० पौंडांपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या टायरमधल्या हवेच्या साडेतीनशे पट. हा उच्चांक पहिल्या काही सेंटिमीटरांतच येतो आणि छर्रे पुढे सरकतील तसा दाब झपाट्याने उतरतो. म्हणून नळी मागे जाड आणि तोंडाशी पातळ बनवतात. तोंडाजवळ पत्रा मिलिमीटरभरच असतो. आता त्या तोंडात चिखलाचा गोळा बसला आहे असं समजा. सेकंदाला चारशे मीटर वेगाने येणारे छर्रे आणि त्यामागचा वायू त्या थांबलेल्या गोळ्यावर आदळतात. गोळा हलका असला तरी इतक्या कमी वेळात त्याला वेग घेता येत नाही, आणि त्या जागी दाब क्षणभर उसळतो, नेमका जिथे नळी सर्वांत कमजोर आहे तिथे. ती फुगते किंवा फाटते. चिखलच लागतो असंही नाही. बर्फ पुरतो, किंवा आधीच्या कमजोर काडतुसाचा आत अडकलेला बूच पुरतो.

भातखाचरात हे रोजचं आहे. अंधारात बांधावरून पाय घसरतो, बंदुकीचं तोंड चिखलात टेकतं. अशा वेळी दुनळीचा फायदा असा की ती उघडून, काडतुसं काढून, मागून आरपार बघता येतं. एकदा एका विद्यार्थ्याची बंदूक अशी टेकली. त्याने उघडून पूर्वेकडे धरली तर एका नळीतून उजाडतं आकाश दिसत होतं आणि दुसरीतून काहीच नाही. बोटभर माती होती. लपणात बसण्याआधी, पडल्यावर, आणि बार काढताना आवाज "फुस्स" असा वेगळा आला तर, प्रत्येक वेळी असं बघायचं. चाप दाबूनही बार निघालाच नाही, तर मात्र उघडायची घाई करू नका. तोंड मोकळ्या दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा. क्वचित दारू उशिरा पेटते.

काडतुसांचं गणित जरा गमतीचं आहे. बोरचा आकडा म्हणजे नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतात, तो. बारा बोर म्हणजे बारा गोळ्यांचा पौंड, वीस बोर म्हणजे वीस गोळ्यांचा. म्हणून आकडा मोठा तर नळी लहान. बारा बोरची नळी आतून सुमारे १८.५ मिमी, वीसची सुमारे १५.६. आता खिशात दोन्ही काडतुसं एकत्र झाली, आणि अंधारात वीसचं काडतूस बारा बोरच्या बंदुकीत गेलं, तर काय होतं? ते पुढे घसरतं, पण त्याची कड नळीपेक्षा किंचित मोठी असल्याने नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून बघणाऱ्याला घर रिकामं वाटतं. तो वर बारा बोरचं काडतूस घालतो. मग त्या नळीत समोर पूर्ण भरलेलं दुसरं काडतूस हाच अडथळा होतो. अशा बंदुकीचे तुकडे आमच्या वर्गात फिरवले होते, कोणी जास्त प्रश्न विचारले नाहीत. म्हणूनच अमेरिकेत वीस बोरची काडतुसं पिवळी असतात. पण रंगावर विसंबण्यापेक्षा दोन मापांची काडतुसं एका लपणात आणूच नका.

लांबीचा घोळ याहून फसवा. काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार निघाल्यावरची, म्हणजे पुढची घडी उलगडल्यावरची. बार न काढलेलं ७० मिमीचं काडतूस त्याहून बरंच आखूड असतं, त्यामुळे ६५ मिमीच्या जुन्या घरात ते आरामात बसतं. बार निघताना मात्र घडी पुढे उलगडते, नळी जिथे अरुंद होते तिथे शिरते, वाट आवळते आणि दाब वाढतो. काडतूस आत मावलं एवढ्यावरून ते त्या बंदुकीत चालतं असं ठरत नाही. नळीवर कोरलेली लांबी वाचायची. ती नसेल किंवा वाचता येत नसेल, तर ती बंदूक बाजूला ठेवायची.

आणि इथे माझा विषय आणि मित्राची ती आजोबांची बंदूक यांची गाठ पडते. अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद आहेत. पक्ष्यांसाठी फार चांगलं झालं. त्यांच्या जागी मुख्यतः पोलादाचे छर्रे आले. शिशाची घनता ११.३, पोलादाची ७.८. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून पोलादाचे छर्रे आकाराने मोठे घेतात आणि अनेकदा जास्त वेगाने सोडतात. शिसं मऊ, ते नळीच्या तोंडाशी दाबलं जाऊन निघून जातं. पोलाद दबत नाही. जुन्या, पातळ, तोंडाशी आवळत आणलेल्या नळीतून ते गेलं तर नळीला कड्यासारखा फुगवटा येऊ शकतो, किंवा त्याहून वाईट. युरोपात पोलादासाठी तपासलेल्या बंदुकीवर कमळासारखं फ्लर-द-ली चिन्ह ठोकतात. आजोबांच्या काळातल्या बंदुकीवर ते नसणार. त्या वयाच्या बंदुकीसाठी बिस्मथचे छर्रे मिळतात, घनता सुमारे ९.६, पोलादाहून मऊ. महाग आहेत. तरीही आधी बंदूक जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावी लागतेच.

पोलादाची आणखी एक खोड म्हणजे ते उसळतं. पाण्यावर तिरपा गेलेला छर्रा भाकरीच्या खेळातल्या खापरीसारखा टप्पे घेतो. बदक मारण्याचं अंतर पस्तीस-चाळीस मीटर, पण छर्रा त्याहून कितीतरी लांब जातो. चार नंबरच्या शिशाच्या छर्ऱ्यासाठी जुना हिशोब अडीचशे मीटरच्या पुढे जातो. पोलाद त्याहून कमी जातं, पण पलीकडच्या बांधावरच्या माणसापर्यंत पोचायला पुरेसं. म्हणून पाण्यालगत उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढायचा नाही. कुत्राही त्याच उंचीवर असतो.

लपणात बसताना कोण कोणत्या दिशेला बार काढणार हे आधी ठरवतात. डावीकडच्याने डावा कोन, उजवीकडच्याने उजवा. पक्षी कोन ओलांडून शेजाऱ्याकडे गेला की तो शेजाऱ्याचा, आपली बंदूक आकाशाकडे. सांगायला सोपं, पण डोळे पक्ष्यामागे धावतात आणि नळ्या डोळ्यांमागे, हीच अडचण. आमचे मालक बाकड्याच्या दोन्ही टोकांना बांबूची काठी उभी रोवतात. बंदूक काठीला आपटली की थांबायचं. मला ही युक्ती कुठल्याही उपदेशापेक्षा आवडते. आणि काडतुसं घालायची ती शिकारीची कायदेशीर वेळ झाल्यावरच, म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. त्याआधीच्या अंधारात भरलेल्या बंदुकीचं कोणालाच काम नसतं.

बंद करण्याचीही रीत आहे. नळ्या झटक्याने वर उचलून बंद करू नका, तसं केलं की तोंड समोरच्याच्या पायांवरून फिरत वर येतं. नळ्या सुरक्षित दिशेला रोखून स्थिर धरा आणि दस्ता वर आणा. बांध ओलांडताना, होडीत चढताना, बंदूक दुसऱ्याला देताना नुसतं उघडणं पुरत नाही, काडतुसं बाहेर काढायची आणि घेणाऱ्यानेही दोन्ही घरं बघायची. होडीत दोघं असतील तर बंदुका म्यानात, एकाचं तोंड नाळेकडे, दुसऱ्याचं वरामाकडे. मोटार चालू असताना बार काढणं संघराज्याच्या कायद्यानेच बंद आहे. होडी थांबलेली हवी.

होडी म्हटली की जॅकेट घालाच. गमबुटाची छातीपर्यंतची विजार पाण्याने भरली की ती माणसाला खाली ओढते असा समज आहे. तसं नाही, पाण्यात पाण्याला वजन नसतं. पण गारठलेल्या पाण्यात पहिल्या मिनिटाला श्वास आवरत नाही, आणि भरलेली विजार घालून होडीत परत चढता येत नाही. कानांचंही तसंच: एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो आणि एका सकाळीत झालेलं नुकसान भरून येत नाही. कानांत बोळे घालायचे.

मित्राला शेवटी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे कागदपत्रं. टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा नंतर जन्मलेल्याला शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम करावा लागतो. शिवाय तो एच-वन-बी व्हिसावर आहे, आणि अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक जवळ बाळगणं संघराज्याच्या कायद्यात गुन्हा आहे. वैध शिकार परवाना हातात असणं हा त्यातला एक अपवाद. म्हणजे परवाना आधी, बंदूक नंतर, अगदी "जरा धरून बघ" म्हटलं तरी. दुसरी गोष्ट, त्या बंदुकीचे फोटो मागवले.

फोटो आले. शेजारीशेजारी नळ्या, त्यांवर पाण्याच्या लहरींसारखी सुंदर नक्षी. पोलाद आणि लोखंडाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या दमास्कस नळ्या त्या. घराची लांबी कुठे कोरलेली दिसत नव्हती. मी त्याला कळवलं की जा जरूर, पण ही भिंतीवरच राहू दे. त्याने सहकाऱ्याला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, वडीलही हेच म्हणायचे. अभ्यासक्रम येत्या शनिवारी आहे. पेषण्या जपून ठेव, असंही मी त्याला सांगून ठेवलंय.